न काढलेले केस

मराठी समीक्षेने ज्या शब्दांवर मनापासून अविश्वास दाखवला, त्यांत ‘हुबेहूब’ हा शब्द बराच वरचा असावा. सामान्य वाचक एखाद्या वर्णनाला हुबेहूब म्हणतो तेव्हा त्याला दाद द्यायची असते. समीक्षक तोच शब्द वापरतो तेव्हा लेखकाला त्याने हळूच दाराबाहेर नेलेले असते. आम्ही दोघीही पंधराहून अधिक वर्षे वर्गात वास्तववाद शिकवताना सांगत आलो, की वास्तववाद म्हणजे वास्तवाची नक्कल नव्हे. विधान खरेच आहे. पण मुळात नक्कल म्हणजे काय, ती करायला बसले की हाताखाली नेमके काय घडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासक्रमात कुठे येत नाही. आमच्यापुढे तो आला तो चाळिशी उलटल्यावर, प्राण्यांची लव आणि पक्ष्यांची पिसे रंगवायला शिकू लागल्यानंतर.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्याला ह्या चित्रविषयांची वाण नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. मालगुजारांच्या काळापासूनचे ‘मामा तलाव’, शेताच्या वरच्या अंगाला बांधलेल्या बोड्या, आणि मध्ये साग-मोहाचे रान. नवेगाव आणि नागझिरा ही नावे मराठी वाचकाला डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत, कारण मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर ह्यांनी ती वाचकाच्या मनात रुजवली. आमच्या विभागातले विद्यार्थी तर ह्या दोघांना ‘आपल्याकडचे’च समजतात, वास्तविक दोघेही जन्माने इथले नव्हेत. एक सोलापूरचा, दुसरा माणदेशातला.

आमचे शिक्षक हे निवृत्त कलाशिक्षक. आयुष्यभर शाळेतल्या मुलांकडून कुंड्या आणि घागरी काढून घेतल्यावर त्यांनी स्वतःसाठी जनावरे काढायला घेतली. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो तेव्हा त्यांनी विचारले, “मॅडम, काय शिकायचे आहे?” आम्ही म्हटले, केस. सर हसले आणि म्हणाले, “मग पहिले दोन महिने केस काढायचे नाहीत.”

ते दोन महिने आम्ही बाण काढले. वानराच्या मोठ्या छायाचित्रावर पातळ कागद ठेवायचा आणि केस कुठून निघून कुठे जातात तेवढेच बाणांनी दाखवायचे. नाकापासून निघालेली लव कपाळाकडे वर सरकते, गालांवर ती बाहेर वळते, मानेवरून खांद्यावर उतरते, कोपराशी आल्यावर दिशा बदलते. तोंडाजवळ केसांची लांबी गव्हाच्या दाण्याएवढीही नाही आणि खांद्यावर ती बोटाच्या पेरांमध्ये मोजावी लागते. दोन दिशांचे प्रवाह जिथे एकमेकांना भेटतात तिथे भोवरा पडतो. हा शब्द आम्ही शोधून काढलेला नव्हे, भाषेत तो होताच. बैलबाजारात दावणीपुढे उभा राहिलेला शेतकरी जनावराच्या अंगावरचे भोवरे पाहतो, त्यांची जागा पाहून शुभाशुभ ठरवतो. त्याच्या ठोकताळ्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण त्याची नजर कातडीवरून ज्या रीतीने फिरते, तीच रीत सर आम्हाला शिकवीत होते.

बाणांनंतर आली छाया. प्राण्याचे शरीर हे आधी पिंप, चेंडू आणि नळकांडी ह्यांसारखे घनाकार असते. त्यावर उजेड एका बाजूने पडतो. त्या उजेडाचे मोठमोठे पट्टे आधी बसवावे लागतात. केस ह्या पट्ट्यांवर बसतात, पट्ट्यांऐवजी बसत नाहीत. नवशिक्याच्या चित्रात हजारो केस असतात आणि तरीही प्राणी भुसा भरलेला दिसतो, त्याचे कारण एवढेच, की प्रत्येक केस सारख्याच निष्ठेने काढलेला असतो. प्रत्यक्षात डोळा प्रत्येक केस पाहत नाही. पूर्ण उजेडात केस विरघळून जातात, गडद सावलीतही दिसेनासे होतात. ते दिसतात ते उजेड आणि सावली ह्यांच्या सीमेवर, जिथे अंग वळते तिथे. तेवढ्याच पट्टीत बारीक ब्रश चालवायचा. बाकीच्या जागी पाहणारा स्वतःच केस घालून घेतो.

आणि मग सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बसलेले वानर आले. नागझिऱ्याच्या रस्त्यावर हे दृश्य कोणालाही दिसते. तोंड काळे, अंग करड्या सावलीत, आणि सबंध आकृतीभोवती रुपेरी केसांची पेटलेली कड. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही असा सरांचा दंडक. पांढरे म्हणजे कागद. मग ही पांढरी लव काढायची कशी? उत्तर असे, की ती काढायचीच नाही. तिच्यामागचा काळोख काढायचा. झाडीचा गडद हिरवा रंग बारीक टोकाने आकृतीच्या कडेपर्यंत आणायचा आणि केसाकेसाच्या फटींमध्ये भरायचा, म्हणजे मधला कोरा कागद लव होऊन उजळतो. हे काम भयंकर कंटाळवाणे आहे. एका खांद्याला दोन रविवार लागतात. पण पहिल्यांदा ती कड पेटली तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. चित्रातला सर्वांत जिवंत भाग असा होता, की ज्याला आमचा ब्रश लागलेलाच नव्हता.

मराठीच्या अध्यापकाला इथे माडगूळकर आठवणे अपरिहार्य आहे. वानरांच्या टोळीवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकावर बोलताना आपण सत्तासंघर्ष, रूपक, माणसाचे समाजशास्त्र वगैरे बोलतो. ते बोलावेच. पण माडगूळकर स्वतः रेखाटने करीत, हे आपण परिचयाच्या शेवटच्या ओळीत टाकून देतो. आमच्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवे. त्यांचे वाक्य चित्रकाराचे आहे. ते जनावराची बसण्याची ढब देतात, वळण देतात, आणि लव वाचकाच्या हवाली करतात. त्या उलट आमच्या विद्यार्थ्यांच्या (आणि काही नामवंतांच्याही) निसर्गवर्णनात ‘घनदाट’, ‘हिरवेगार’, ‘निबिड’ अशी विशेषणे केसांसारखी एकसारखी पेरलेली असतात. रान दाट होते, दिसत मात्र नाही. ‘वर्णनात मोजके तपशील हवेत’ असा शेरा आम्ही वह्यांवर वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. आता त्याच्याखाली कोणता तपशील, हेही लिहिता येते. अंग वळते तिथला.

रंगांच्या नावांचे प्रकरण आणखी गमतीचे. ट्यूबवरची नावे परदेशी, आणि जनावर समोरचे. पण बैलांच्या रंगांसाठी मराठीत जी नावे आहेत ती पाहिली, तर त्यांतली बरीचशी नुसत्या रंगाची नाहीत, पोताची आहेत. ढवळा, पवळा, कोसा, भुरा हे रंग; पण कबरा आणि बांडा म्हटले की रंगांची मांडणीही आली. ‘पारवा’ म्हटले की राखी रंगावर फिरणारी ती अस्पष्ट झळाळीही आली, कारण पारव्याचे पीस तसेच असते. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि काळा बैल ‘कारा’ होतो. अस्वल रंगवायला घेतले तेव्हा सरांनी काळ्या रंगाची ट्यूबच उचलून खिशात टाकली. काळ्या रंगाने रंगवलेले अस्वल म्हणजे कागदाला पडलेले भोक दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि तपकिरी अंबर मिसळून काळे करायचे. ज्या केसांवर आभाळ पडते तिथे निळा वाढवायचा, जिथे मातीचे परावर्तन येते तिथे तपकिरी. अस्वलाचे तोंड आखूड केसांचे आणि फिकट, अंगावर मात्र लांब, राठ, विस्कटलेली झुलपे. सरांच्या हाताखाली कारा बैल आणि काळे अस्वल हे दोन वेगळे काळे झाले.

चितमपल्लींनी पक्षिवसाहतींसाठी ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द दिले, पक्ष्यांच्या नावांचा आयुष्यभर ध्यास घेतला. १८ जून २०२५ रोजी ते गेले, त्यानंतर आमच्या विभागात एक छोटा कार्यक्रम झाला. तिथे कोणीतरी त्यांच्या शब्दसंपत्तीचा गौरव करताना ‘अलंकार’ हा शब्द वापरला. तो आम्हाला खटकला. ज्याला पानांआडचे हालते अंग ओळखायचे आहे, त्याला शब्द हे नजरेचे हत्यार म्हणून लागतात.

लवेनंतर पिसे. इथे नियम बदलतात. केस वाहतात, पिसे रचलेली असतात. कौलारू छपरासारखी एकावर एक, ठरलेल्या ओळींमध्ये. त्यामुळे पक्षी काढताना बाण उपयोगाचे नाहीत, घरे मोजावी लागतात. खांद्यावरची लहान पिसे, त्याखालची आच्छादक, त्याखालून निघणारी लांब उड्डाणपिसे. प्रत्येक पिसाला कणा, कण्याला दोन्ही बाजूंनी तंतू, तंतूंना उपतंतू आणि त्यांना एकमेकांत अडकणारे सूक्ष्म आकडे. पक्षी चोचीने पिसे साफ करतो तेव्हा हे सुटलेले आकडे तो पुन्हा बसवीत असतो. चित्रात तंतू काढत बसले तर पंख कंगव्यासारखा दिसतो. त्यापेक्षा एखाद्या पिसाच्या कडेला जिथे तंतू सुटून फट पडली आहे ती एक खाच दाखवावी. सगळा पंख हलका होतो.

आम्ही निवडला नीलपंख. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो. तारेवर बसलेला असताना तो मातकट, काहीसा गबाळा दिसतो आणि उडाला की निळाईचे दोन पट्टे फाकतात. ड्यूररने सोळाव्या शतकाच्या आरंभी ह्याच्याच युरोपीय भावंडाचा एक पंख जलरंगात रंगवला. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात तो आहे, आणि तिथेच त्याचा १५०२ सालचा प्रसिद्ध ससाही. ससा पाहताना सगळे लवेविषयी बोलतात. सरांनी आम्हाला छापील चित्रात डोळा पाहायला लावला. त्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे. म्हणजे हा ससा रानात नाही, खोलीत आहे. निसर्गाचे इतके विश्वासू चित्र काढताना ड्यूररने खिडकी लपवली नाही, ह्यावर आम्ही पुढे अनेकदा भांडलो. त्याविषयी शेवटी.

नीलपंखाच्या निळ्याची गोष्ट अशी, की तो निळा नाहीच. त्या पिसात निळे रंगद्रव्यच नसते. तंतूंच्या आत हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांची स्पंजासारखी रचना असते, तिच्यावरून उजेड विखुरतो आणि निळा भाग आपल्यापर्यंत येतो. पीस कुटून पूड केली तर रचना मोडते आणि हातात मळकट तपकिरी भुकटी उरते. मग ट्यूबमधल्या निळ्या द्रव्याने हा निळा नक्कल कसा करायचा? सर एकावर एक पातळ, पारदर्शक थर द्यायला लावतात; खालच्या थरावरून उजेड परत फिरावा म्हणून प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. कागदावरचा निळा वेगळ्या मार्गाने येतो आणि तरी डोळ्याला तसाच वाटतो. आमच्यापैकी एकीने हे पुढच्याच आठवड्यात अनुकृतीच्या सिद्धान्तावरच्या तासाला सांगितले. वर्ग जागा राहिला, हे नोंदवायला हरकत नाही.

आता ब्रशविषयी, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. बारीक केसांसाठी जो लवचीक, टोक न सोडणारा ब्रश लागतो, तो पूर्वी मुंगसाच्या केसांचा असे. सरांच्या विद्यार्थिदशेत असे ब्रश सर्रास मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि तरीही अशा ब्रशांचे साठे जप्त झाल्याच्या बातम्या येतात. मुघल चित्रकार खारीच्या शेपटीचे केस वापरीत. म्हणजे एका जनावराची लव रंगवण्यासाठी दुसऱ्याची उपटायची. हा विरोधाभास आम्ही वर्गात अलंकार म्हणून शिकवतो. इथे तो हातात धरावा लागतो. आमचे ब्रश कृत्रिम धाग्याचे आहेत. ते लवकर फाकतात आणि पाणी कमी धरतात. सर कुरकुरतात, पण दुसरा ब्रश हाती देत नाहीत.

मुघलांचे नाव निघाले तर जहांगीर आणि त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर ह्यांना वगळता येणार नाही. १६२१ साली दरबारात झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटले, की कोणीतरी गाढवावर पट्टे रंगवले आहेत. चौकशी झाली, पट्टे खरे निघाले. मग मन्सूरने तो रंगवला. खऱ्या पोताला चित्र समजण्याचा आणि चित्राला खरे समजण्याचा खेळ असा एकाच जनावरावर दोन्ही बाजूंनी होऊन गेला. पण आमच्यासाठी जहांगीराची दुसरी नोंद महत्त्वाची. त्याने सारसांची एक जोडी पाळली होती, तिला लैला-मजनू अशी नावे दिली होती, आणि त्यांचे मीलन, अंडी उबवणे, पाळीपाळीने राखण करणे हे सगळे आत्मचरित्रात बारकाईने लिहून ठेवले. बादशाहाच्या गद्यात एवढी सावकाश नजर क्वचितच दिसते.

सारस आमच्या जिल्ह्याचा पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः इथेच उरला आहे. उभा राहिला की माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. धानाच्या बांध्यांत आणि तलावाच्या काठाला घरटे करतो, बहुधा दोनच अंडी घालतो. पुष्कळ शेतकरी आपल्या शेतातले घरटे राखतात, त्यापुरते पीक सोडून देतात. तरीही अलीकडच्या गणनांत आकडा पन्नाशीच्या आतच आहे आणि घसरतो आहे. विजेच्या तारा, फवारणी, बुजणारे तलाव ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ह्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

रंगवायला सारस फसवा. दुरून सपाट राखी. जवळून पाहिला, म्हणजे दुर्बिणीतून, तर पाठीचा राखी वेगळा, मानेचा फिकट, पंखांची टोके गडद. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात मिसळले की हा पारवा रंग मिळतो. सकाळी त्यात निळा जास्त, पाण्याजवळ उभा असेल तर पोटाखाली हिरवट छटा. आणि सगळ्या पिसांच्या वर ते लाल डोके, जिथे पीसच नाही. नुसती दाणेदार कातडी, विणीच्या काळात अधिक लाल होणारी. पिलाच्या डोक्यावर बदामी पिसे असतात. वयात येताना ती जातात. लव नाही, पीस नाही असा तो पोत आम्ही कोरड्या ब्रशने खरबरीत कागदावर घासून साधला.

हे सारे एका जोडीवरून. गोंदियापासून फार लांब नसलेल्या एका गावाच्या शिवारात (गावाचे नाव मुद्दाम देत नाही) ही जोडी आम्ही दोन हिवाळे पाहिली. धुऱ्यावर बसून वहीत मापे घेतली: मानेची लांबी पायाच्या कितीपट, नराची पाठ मादीपेक्षा किती वर. दोघांचा रंग सारखा. फरक दिसतो तो उंचीत, आणि शेजारी शेजारी असतानाच. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मोठा कागद ताणून बसवला आणि चित्र सुरू केले. आभाळ, पाणी, डावीकडे नर. मादीची फक्त पेन्सिलची रेघ झाली होती.

ह्या हिवाळ्यात रंग ताडून पाहायला पुन्हा गेलो. ज्यांचे शेत ते काका धुऱ्यावरच भेटले. आम्ही विचारण्याआधीच म्हणाले, “औंदा एकच दिसते जी.” गावात कोणी तारेचे नाव घेतो, कोणी औषधाचे. नक्की कोणी सांगत नाही. उरलेला पक्षी नर की मादी, हे आम्ही दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिलो. शेजारी दुसरा नसल्यामुळे ते ठरवता येईना.

तेव्हापासून चित्र थांबले आहे. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की वहीत दोघांची मापे आहेत, ती त्या शिवारातल्या त्या जोडीची आहेत, आणि म्हणून दोन्ही काढावेत; जे पाहिले आणि मोजले ते खोटे कसे? दुसरीचे म्हणणे, की पाण्याचा आणि धानाच्या तणसाचा रंग ह्या वर्षी ताडलेला आहे, आणि ह्या वर्षीच्या उजेडात दोन सारस उभे करणे म्हणजे शिवाराला जे राहिले नाही ते परत देऊन टाकणे. ती ड्यूररच्या खिडकीचा दाखला देते. पहिली म्हणते, खिडकी त्याच्यासमोर होती, म्हणून काढली. आमच्यासमोर मादी होती. हा वाद विभागाच्या खोलीत चहाबरोबर चालतो आणि नव्या सहकाऱ्यांना तो सुरुवातीला साहित्यसिद्धान्ताचा वाटतो.

सरांनी मत दिले नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की उजव्या बाजूचा कागद आणखी एक पावसाळा तसाच ठेवला तर दमट हवेने तिथली खळ जाईल आणि मग त्यावर पातळ थर नीट बसणार नाहीत. जूनच्या आत काय ते ठरवा. पेन्सिलची रेघ अजून आहे. नराच्या पाठीवरची शेवटची आच्छादक पिसे तेवढी आम्ही गेल्या रविवारी पुरी केली.